खष्टाचं तेल

साखळीहून वाळवंटीच्या काठाने सत्तरीकडे वर सरकत गेलं की ओढ्यांच्या कडेला खष्टाची झाडं भेटतात. बारमाही हिरवी, पाण्याच्या बाजूला कललेली, आणि अंगावर कठीण सालीची तपकिरी गोल फळं. महाराष्ट्रात याच झाडाला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात. फळ फोडलं की गरात गुंतलेल्या तेलकट बिया निघतात. फळ कुटून डोहात टाकलं तर मासे गुंगून वर येतात. बियांचं तेल गुरांच्या आणि माणसांच्या खरजेला लावायचं, हे जुन्या जाणत्यांना सांगावं लागत नाही. वनस्पतिशास्त्रात हे झाड हिड्नोकार्पस या नावाने ओळखलं जातं. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत याच कुळातल्या झाडांचं तेल हे कुष्ठरोगावरचं जगातलं मुख्य औषध होतं. आधुनिक वैद्यक शिकलेल्या ज्या डॉक्टराने मुंबईत त्यावर जीव लावून काम केलं, तो पेडण्याचा होता.

औषध अर्थातच त्याहून फार जुनं. सुश्रुतसंहितेत ‘तुवरक’ नावाच्या झाडाचं वर्णन येतं, ते पश्चिम समुद्राच्या किनारपट्टीवरच्या झाडाचं. पावसाळ्यात फळं गोळा करायची, बिया वाळवून तिळासारख्या घाण्यातून काढायच्या, तेल आटवून पंधरवडाभर शेणात पुरून ठेवायचं आणि मग रोग्याला पाजायचं, अशी सगळी कृती तिथे आहे. तेल पोटात गेलं की उलट्या आणि जुलाब होणार, हेही संहिता सांगते. तिच्या दृष्टीने ती शुद्धीच. हे तुवरक म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं खष्टच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पूर्वेकडे, आसाम आणि ब्रह्मदेशात, याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचं तेल ‘चौलमुग्रा’ म्हणून वैद्य वापरत. कलकत्त्याच्या फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्ये त्याविषयी लिहिलं, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिकडे वळलं.

पेडण्याचा तो डॉक्टर म्हणजे रामचंद्र विठ्ठल लाड, पुढचे भाऊ दाजी. त्यांचा जन्म १८२२ च्या सुमाराचा, पेडण्यातल्या मांद्र्याचा. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती गेले होते. नव्या काबिजादीतल्या या भागात शिकण्याची सोय जवळजवळ नव्हती, आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणारी घरं पुष्कळ होती. लाडांचं कुटुंबही मुंबईला आलं. पोरगा बुद्धिबळात तरबेज. त्याची हुशारी एका इंग्रजाच्या नजरेत भरली आणि त्याने वडिलांना मुलाला इंग्रजी शिकवायला लावलं. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा नोकरी सोडून ते विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. त्या मूठभर मुलांत पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग होते, आणि गोव्याचे जुझे कामिलो लिस्बोआ होते, ज्यांनी पुढे मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींचा मोठा धांडोळा घेतला. लगेच पुढच्या वर्षी, १८५२ मध्ये, इकडे सत्तरीत दीपाजी राणे पोर्तुगीजांविरुद्ध उठले. एकाच मुलखातून निघालेल्या या दोन वाटा.

भाऊ दाजींची वैद्यकी जोरात चालली. गरिबांसाठी त्यांनी आपले बंधू नारायण दाजी यांच्यासह धर्मार्थ दवाखाना चालवला. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. शिलालेख, नाणी, आर्यभट आणि वराहमिहिर यांचा काळ अशा विषयांवर त्यांनी निबंध वाचले. आज त्यांचं नाव टिकलंय ते या संशोधनामुळे आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयामुळे, ज्याला १९७५ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. पण त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांना मुंबईभर ज्याबद्दल ओळखत, ते काम म्हणजे रक्तपितीवरचा, म्हणजे कुष्ठरोगावरचा, उपचार.

मुंबईत तेव्हा रक्तपितीचे रोगी धर्मशाळांच्या दारात, देवळांच्या पायऱ्यांवर, बाजाराच्या तोंडाशी बसलेले असत. बोटं झडलेली, नाक बसलेलं. रोग कशाने होतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. साम्राज्यभरातल्या डॉक्टरांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये अहवाल दिला. रोग संसर्गाने पसरत नाही, तो आनुवंशिक आणि राहणीमानाशी निगडित आहे, असा त्याचा रोख होता. अहवाल चुकीचा होता. पण त्यामुळे सरकारला रोग्यांना डांबून ठेवायची घाई उरली नाही, आणि उपचारासाठी मात्र काहीच नव्हतं. डॉक्टर आर्सेनिक देऊन पाहत, पारा देऊन पाहत.

भाऊ दाजींचा मार्ग वेगळा होता. ते संस्कृत वैद्यकग्रंथ मुळातून वाचत होते आणि त्यातली औषधं रोग्यांवर पारखत होते. त्या काळच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पदवीधराने असं करणं ही लहान गोष्ट नव्हती. कॉलेजातली विद्या सांगत होती की देशी औषधं म्हणजे अंधश्रद्धा. वैद्यांची परंपरा सांगत होती की ग्रंथात आहे म्हणजे खरं. भाऊ दाजींनी दोन्हींवर विश्वास न ठेवता रोग्याच्या त्वचेकडे पाहिलं. खष्टाच्या, म्हणजे कवटीच्या तेलाने चट्टे उतरतात, जखमा सुकतात, संवेदना काही प्रमाणात परत येते, असं त्यांना दिसलं. उपचाराची बातमी पसरली आणि रोगी लांबून येऊ लागले.

इथे एक गोष्ट मला खटकत आली आहे. शिलालेखाचं एकेक अक्षर ज्या माणसाने सर्वांसमोर मांडलं, त्याने औषध काय आहे हे मात्र उघड केलं नाही. पूर्ण खात्री पटेपर्यंत सांगायचं नाही, अशी त्यांची भूमिका असावी. तिच्यामागे घरगुती वैद्यकीतली गुप्ततेची सवयही असणार. परिणाम वाईट झाला. गुप्त औषध म्हणजे वैद्यकशास्त्रात भोंदूगिरीचं लक्षण. जे लोक प्रयोग पुन्हा करून पाहू शकले असते, त्यांना तो करता आला नाही, आणि ज्यांना टीकाच करायची होती त्यांना आयतं निमित्त मिळालं. भाऊ दाजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आणि मे १८७४ मध्ये वारले. औषधाचं नाव त्यांच्या पश्चात सर्वतोमुखी झालं. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे विल्यम डिमॉक यांनी १८९० च्या सुमारास भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात या झाडाच्या नोंदीशी भाऊ दाजींचं नाव जोडलेलं होतं. तोवर बराच काळ गेला होता.

या काळात रोगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. नॉर्वेतल्या बर्गेन इथे गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांना फेब्रुवारी १८७३ मध्ये रोग्याच्या गाठीतल्या द्रवात काडीसारखे सूक्ष्म जीव दिसले. माणसाच्या रोगाशी जोडलेला हा अगदी पहिल्या जिवाणूंपैकी एक. त्याच सुमारास मुंबई इलाख्यातले हेन्री व्हँडाइक कार्टर नॉर्वेला जाऊन आले. हे कार्टर म्हणजे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे, मधली काही वर्षं ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. रोग संसर्गजन्य आहे आणि रोग्यांना वेगळं ठेवायला हवं, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी सरकारला तसं सुचवलं. १८८९ मध्ये हवाई बेटांवर रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने गेले, आणि इंग्लंडपासून हिंदुस्थानपर्यंत घबराट पसरली. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर रोग्यांसाठी आश्रम उभारला. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. (शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापणारे अ‍ॅक्वर्थही हेच.) हिंदुस्थानात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने रोग फारसा पसरत नाही असा निष्कर्ष काढला, तरी १८९८ मध्ये कायदा झालाच. रस्त्यावरच्या रोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार त्याने दिला.

शत्रू कोण, हे आता कळलं होतं. औषध म्हणून जवळ होतं ते तेलच, आणि त्या तेलाची अडचण सुश्रुतापासून होती तीच: ते पोटात ठरत नसे. मळमळ इतकी, की पुष्कळ रोगी उपचारापेक्षा रोग बरा म्हणत आणि निघून जात. चोळून फायदा थोडा. सुईने द्यावं तर तेल घट्ट, चिकट; ते रक्तात मिसळत नाही, टोचल्या जागी गाठ धरून बसतं आणि तिथे गळू होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची तीस वर्षं संशोधकांनी घालवली ती एका प्रश्नावर: तेलातला गुण रोग्याच्या अंगात पोचवायचा कसा?

पहिलं पाऊल लंडनमध्ये पडलं. वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये चौलमुग्राच्या तेलातून एक नवं स्निग्धाम्ल वेगळं केलं, आणि लगेच पुढे खष्टाच्या तेलातून त्याचं धाकटं भावंड. पहिल्याला चौलमुग्रिक, दुसऱ्याला हिड्नोकार्पिक आम्ल असं नाव मिळालं. एकात १८ कार्बन, दुसऱ्यात १६. नेहमीच्या खाद्यतेलातली स्निग्धाम्लं सरळ शेपटीची असतात. यांच्या शेपटीच्या टोकाला पाच कार्बनांचं कडं आहे. गुण त्या कड्यात असावा, असा कयास होता.

मग या आम्लाला द्रवरूप कसं द्यायचं यावर दोन ठिकाणी दोन उत्तरं निघाली. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आम्लाचा सोडियम क्षार केला. स्निग्धाम्लाचा सोडियम क्षार म्हणजे साबण. तो पाण्यात विरघळतो आणि शिरेतही देता येतो. दुसरं उत्तर होनोलुलूत सापडलं. अ‍ॅलिस बॉल ही कृष्णवर्णीय तरुणी हवाईच्या कॉलेजातून १९१५ मध्ये रसायनशास्त्राची मास्टर्स पदवी मिळवणारी पहिली स्त्री. डॉक्टर हॅरी होलमन यांनी तिच्यापुढे तेलाचा प्रश्न ठेवला. तिने आम्लांचे एथिल एस्टर केले: पातळ, टोचता येतील असे, गळू न करणारे. १९१६ च्या अखेरच्या दिवशी ती वारली, चोवीस वर्षांची. कॉलेजचे आर्थर डीन यांनी काम पुढे नेलं आणि छापलं, तेव्हा तिचं नाव घेतलं नाही. होलमन यांनी १९२२ मध्ये ‘बॉल पद्धत’ असं लिहिलं म्हणून तेवढं उरलं. १९२० मध्ये हवाईच्या कालिही रुग्णालयातून या इंजेक्शनांनंतर ७८ रोगी घरी सोडल्याचं वृत्त अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. भाऊ दाजींनी औषध लपवलं म्हणून त्यांचं श्रेय पातळ झालं; बॉलने काही लपवलं नव्हतं, तरी तिचं हिरावलं गेलं.

चौलमुग्राची मागणी वाढली आणि ब्रह्मदेशातलं तेल अपुरं पडू लागलं. शिवाय बाजारात भलत्याच झाडाच्या बियांची भेसळ होती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अर्नेस्ट म्यूर यांनी मग पश्चिम घाटातल्या हिड्नोकार्पसकडे मोर्चा वळवला. ताजं तेल, स्वस्त, आणि ओळख पक्की. विसाच्या आणि तिसाच्या दशकात देशभरच्या कुष्ठालयांत जे तेल टोचलं जाई, त्यात मोठा वाटा आपल्याच किनाऱ्याच्या झाडाचा. आठवड्याला ठरलेली इंजेक्शनं, तीही वर्षानुवर्षं, कधी चट्ट्यांच्या कडेकडेने कातडीतच. गोव्यात बाणावलीचे फ्रोइलानो द मेलो हे जंतुशास्त्रज्ञ पणजीच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने तिसाच्या दशकात सासष्टीत माकाझानला कुष्ठालय सुरू झालं.

तेलाचा उपयोग होत होता का? रोग लवकर ओळखला तर चट्टे विरत, कधी जंतूही मिळेनासे होत. अंगभर पसरलेल्या रोगावर मात्र ते हरत असे, आणि बरे झालेले पुष्कळजण पुन्हा येत. तरी माझ्या मते तेलाचं खरं काम वेगळ्या जागी झालं. रोगावर काहीतरी करता येतं, एवढी आशा त्याने निर्माण केली. आश्रमाच्या भीतीने लपून राहिलेला रोगी दवाखान्याच्या दारात स्वतःहून येऊ लागला, तो इंजेक्शनासाठी. कोंडवाड्याचं रुग्णालय व्हायला सुरुवात झाली ती अशी.

शेवट झपाट्याने झाला. अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलला गाय फॅगेट यांनी १९४१ मध्ये प्रोमिन हे सल्फोन वर्गातलं औषध देऊन पाहिलं, आणि निकाल थक्क करणारे होते. मद्रासजवळ चिंगलपेटला रॉबर्ट कॉक्रेन यांनी याच वर्गातलं मूळ द्रव्य, डॅप्सोन, वापरलं. पन्नासच्या दशकापर्यंत दोन-चार पैशांची गोळी तेलाच्या जागी आली. वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने र. वि. वर्देकरांच्या नेतृत्वाखाली घरोघर पाहणी, शिक्षण आणि गोळ्या अशी रीत बसवली. डॅप्सोनला जंतू पुढे सरावले. १९६४ मध्ये ते सिद्ध झालं. मग १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली: रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमीन. भारतात हा बहुऔषधी उपचार सुरू झालेल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी, हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठलं गेलं. १८९८ चा कायदा मात्र २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी कलमं २०१९ मध्ये.

तेल गेलं, पण त्याच्याभोवती उभा राहिलेला प्रश्न रसायनशास्त्राने आता वेगळ्या टोकाने हाती घेतला आहे. रॉजर्स यांच्या साबणाचा रेणू पाण्यात एकटा राहत नाही. त्याचं डोकं पाण्याला धरतं, शेपूट पाण्यापासून पळते. म्हणून असे रेणू कोणी न जुळवता आपोआप घोळका करतात. हाच स्वभाव मुद्दाम घडवून छोट्या रेणूंच्या लांब साखळ्या करता येतात. नेहमीच्या प्लॅस्टिकात कडी कडीला पक्की जोडलेली असते. इथे रेणू एकमेकांना हलक्या बंधांनी धरून उभे राहतात, जणू दोऱ्याविना ओवलेला वळेसर. ते सुटतात, पुन्हा जुळतात. अशा साखळ्यांना सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर म्हणतात. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राचा पाया घालणारे झां-मारी लेन, डोनाल्ड क्रॅम आणि चार्ल्स पेडरसन यांना १९८७ चं नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियात रेझा घादिरी यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की सहा-आठ अमिनो आम्लांची लहान कडी जिवाणूच्या पटलावर पोचली की एकावर एक रचली जाऊन नळी होतात आणि पटल भोकं पडून निकामी होतं. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसची बाधा झालेले उंदीर त्यांनी वाचवले. रेणू सुटे जातात आणि हत्यार शत्रूच्या अंगावर तयार होतं. जंतूंना सरावायला अशा हल्ल्यात कमी वाव मिळेल, ही त्यामागची आशा. ही द्रव्यं अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत.

कुष्ठरोगाच्या तीन औषधांतलं क्लोफाझिमीन मात्र असंच काहीसं, कोणी न योजता, करत आलं आहे. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने पन्नासच्या दशकात ते क्षयासाठी घडवलं होतं. ते स्निग्ध आहे आणि पाण्याशी त्याचं जमत नाही, तेलासारखंच. महिनोन्‌महिने घेतलं की शरीरातल्या भक्षक पेशींच्या आत त्याचे रेणू आपोआप रचले जाऊन स्फटिक होतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या गस रोसानिया यांच्या गटाने हे स्फटिक वेगळे काढून तपासले, ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. स्फटिक जमतात ते कुष्ठाचा जिवाणू राहतो त्याच प्रकारच्या पेशींत. औषध कुठे पोचवायचं, या जुन्या प्रश्नाला इथे औषधाने स्वतःच अर्धं उत्तर दिलं. पण त्याची किंमत रोग्याच्या कातडीवर दिसते. क्लोफाझिमीनने अंग तांबूस-काळसर होतं, आणि गोळ्या संपल्या तरी तो रंग उतरायला कित्येक महिने लागतात. रोग लपवायची धडपड करणाऱ्या माणसाला गोळ्यांचं पाकीट लपवता येतं, हा रंग लपवता येत नाही. म्हणून गोऱ्या वर्णाच्या रोग्यांनी उपचार मध्येच सोडल्याच्या तक्रारी आरोग्यसेवकांकडे येत राहिल्या आहेत.